चित्रकार सूझा आणि आपल्या घरातील चित्रे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत मी बोलावे असे कार्यकारिणीने सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी चित्रकार नव्हे आणि कलासमीक्षक तर नव्हेच नव्हे. केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका काढण्यात घालविलेला मी एक साधा बी. ए. माणूस. आक्षेप नोंदविणे हा माझा व्यवसाय. परंतु आज मला माझ्या स्वतःच्याच एका जुन्या आक्षेपावर आक्षेप घ्यावयाचा आहे, आणि त्या कामी एका गोमंतकीय चित्रकाराची साक्ष काढावयाची आहे. त्या चित्रकाराचे नाव फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्यांच्या जन्माला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली.

सूझांकडे वळण्यापूर्वी आपण आपल्याच घराच्या भिंतींकडे पाहू. आपल्यापैकी जे कोणी गाव सोडून बेंगळुरास आले, त्यांच्या ट्रंकेत दोन पातेली, एक पोळपाट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली देवाची एक तसबीर होतीच. त्या तसबिरीतील लक्ष्मी किंवा सरस्वती पुष्कळदा राजा रविवर्म्यांच्या चित्रावरून छापलेली असे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. जे चित्र पूर्वी केवळ राजवाड्यात लागावयाचे, ते त्यामुळे चार आण्या-आठ आण्यांच्या ऐपतीच्या घरात येऊन पोहोचले. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही ओसरीवर देव आला. पाहुणे आले की आपण त्यांना म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात घेऊन जातो. तेथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे पाहून आपल्या आजीला हटकून वाटते की, ही बाई आपल्या ओळखीची आहे. वाटणारच, कारण ती साठ वर्षे तिच्या देव्हाऱ्याच्या वर टांगलेली असते.

छापखान्याचे हे उपकार मोठेच आहेत. परंतु त्यांची एक किंमतही आपण मोजली. हळूहळू सगळ्या लक्ष्म्यांना एकच चेहरा आला. मग दिनदर्शिका आल्या, मासिकांची गुळगुळीत मुखपृष्ठे आली, दूरचित्रवाणी आली, आणि आता प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आले आहे. सकाळचा चहा घेण्यापूर्वी माझ्या फोनवर वीस-पंचवीस चित्रे येऊन पडलेली असतात. त्यात गणपती असतो, शिवराय असतात, कोकणातला पाऊस असतो, कुणाचे बारसे असते आणि कुणाचे निधनही असते. आपण अंगठ्याने ती वर सारतो, हात जोडल्याची खूण पाठवितो आणि कामाला लागतो. चित्रे वाढली, पाहणे मात्र कमी झाले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आणि आपल्यासारख्या परगावी राहणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. आपल्या मुलांना गाव कळते ते बव्हंशी या चित्रांतून. वारसा म्हणून आपण जे त्यांच्या हाती देतो, ते आता पडद्यावरून दिले जाते. असे केवळ आपलेच होत आहे, असेही नाही. फिलिपाइन्सचे उदाहरण घ्या. तीनशेहून अधिक वर्षे त्या देशावर स्पेनचे राज्य होते. गोव्याप्रमाणेच तेथेही चर्च, संतांच्या मूर्ती आणि क्रूसावरील येशू हे घराघरांतील जीवनाचे अंग झाले. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात त्याच मनिलात जाऊन संन्यासी झाला, १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला आणि १८६२ साली संतपदास पोहोचला. म्हणजे वसई, गोवा आणि मनिला ही तेव्हा एकाच वाटेवरची ठिकाणे होती. आज अमेरिकेत वाढणारे फिलिपिनो कुटुंबातील मूल आणि बेंगळुरात वाढणारे आपले मूल यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे. जे चित्र आयते हाती आले, ते आपले कसे करावयाचे?

या प्रश्नाशी ज्याने जन्मभर झुंज घेतली, असा माणूस म्हणून मी सूझांकडे पाहतो. त्यांच्या काळी इंटरनेट नव्हते. परंतु छापील चित्रांचा पूर होता, आणि त्यांनी त्या पुरात जे केले ते आज आपल्या उपयोगी पडण्यासारखे आहे.

सूझांचा जन्म १२ एप्रिल १९२४ चा, बार्देश तालुक्यातील साळगावचा. माझे मूळ गाव बांदे, सावंतवाडीजवळ. बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोवा लागतो. माझे वडील सांगतात की, त्यांच्या लहानपणी तेथे पोर्तुगीज शिपाई उभे असत, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर तेथे गोळीबार झाला तेव्हा सारा गाव हादरून गेला होता. सांगावयाचे तात्पर्य असे की, सूझांची माती आणि माझी माती एकच. माड तेच, तांबडी धूळ तीच, मासळीचा वासही तोच. फरक एवढाच की, आमच्या वाटेवर देऊळ होते व त्यांच्या वाटेवर साळगावचे ते पांढरेशुभ्र, उंच मनोऱ्यांचे चर्च.

सूझा काही महिन्यांचे असतानाच वडील गेले. पाठोपाठ बहीणही गेली. आई मुलाला घेऊन मुंबईस आली आणि शिवणकाम करून पोट भरू लागली. मुलाला देवी आल्या, तेव्हा तिने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला की, पोर वाचले तर त्याला पाद्री करीन. पोर वाचले. न्यूटन या नावामागे संताचे फ्रान्सिस हे नाव लागले ते त्यामुळे. पण पाद्री काही झाले नाही. शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले, कारण शौचालयाच्या भिंतीवर अश्लील चित्रे काढल्याचा आरोप आला. सूझा पुढे म्हणत की, भिंतीवरची चित्रे दुसऱ्याने काढलेली होती व फार वाईट काढलेली होती, म्हणून आपण ती फक्त दुरुस्त केली. पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते गेले आणि तेथूनही १९४५ साली राजकीय चळवळीतील सहभागामुळे त्यांना बाहेर पडावे लागले.

१९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, सूझांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला. त्याचे सहा संस्थापक पाहा. सूझा गोव्याचे. हुसेन पंढरपुरात जन्मलेले. रझा मध्य प्रदेशातले. आरा हैदराबादकडून आलेले व मुंबईत मोटारी धुण्याचे काम केलेले. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे. शिल्पकार सदानंद बाकरे बडोद्यात जन्मलेले. या सहांपैकी एकही मुंबईत जन्मलेला नाही! सगळेच परगावचे, खोल्या शोधणारे, एकमेकांच्या आधाराने उभे राहणारे. एका अर्थी तेही एक मंडळच होते. आपल्याला त्याचे कौतुक वाटावयास हरकत नाही.

परंतु त्यांचे मंडळ आपल्यासारखे समंजस नव्हते. १९४९ साली मुंबईतील एका प्रदर्शनात सूझांच्या चित्रांवर अश्लीलतेची तक्रार झाली. त्यांत त्यांनी स्वतःचेच काढलेले एक नग्न चित्र होते. चित्रे उतरविण्यात आली आणि पोलिसांनी त्यांच्या खोलीची झडती घेतली. त्याच वर्षी सूझा लंडनला निघून गेले. तेथे काही वर्षे हलाखीत काढल्यावर १९५५ साली त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. स्टीफन स्पेंडर या कवीच्या 'एन्काउंटर' मासिकात त्यांचा आत्मकथनपर लेख आला आणि 'गॅलरी वन' या दालनातील त्यांच्या प्रदर्शनातली चित्रे विकली गेली. त्याच वर्षीचे त्यांचे 'बर्थ' नावाचे चित्र आहे. एक गर्भवती स्त्री उघडी आडवी पडलेली आहे, जवळ एक पुरुष आहे, आणि खिडकीतून शहर दिसते आहे. या चित्राला २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. माझ्यातील हिशेब तपासनिसाने हा आकडा ताबडतोब टिपून घेतला, हे मी कबूल करतो. परंतु त्या आकड्याने चित्र कळत नाही.

मला ते कळू लागले ते दिल्लीत. २०१९ साली माझी तेथे बदली झाली. कुटुंब बेंगळुरासच होते. रविवारी करावयास काही नसे, म्हणून एकदा जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो आणि सूझांच्या चित्रांपुढे उभा राहिलो. पहिली प्रतिक्रिया, खरे सांगतो, तिटकाऱ्याची झाली. जाड काळ्या रेषा. डोळे जेथे असावयाचे तेथे नाहीत, थेट कपाळात गेलेले. दात उघडे. मनात म्हटले, हे कसले चित्र! दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. तिसऱ्या रविवारीही गेलो. आणि मग ध्यानात आले की, ती रेषा मी पूर्वी पाहिलेली आहे. चर्चच्या रंगीत काचा ज्या शिशाच्या काळ्या पट्ट्यांत बसविलेल्या असतात, तशीच ती आहे. साळगाव सुटले, मुंबई सुटली, लंडन मिळाले, पण लहानपणी डोळ्यांवर उमटलेली ती रेषा काही सुटली नाही.

सूझांचा येशू पाहा. दिनदर्शिकेतल्या येशूसारखा तो गोरा, कुरळ्या केसांचा, करुण हसणारा नाही. १९५९ सालचे त्यांचे 'क्रुसिफिक्शन' लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यातला येशू काळा, काट्याकुट्यांचा, वेदनेने पिळवटलेला आहे. धर्मसंस्थेशी सूझांचे भांडण जन्मभर चालले, तरी तिची प्रतिमा त्यांनी टाकून दिली नाही. त्यांनी तिच्यावरचा गोडवा खरवडला आणि आत जी जखम होती ती पुन्हा दाखविली. वारशाचे दोन उपयोग सर्वांना ठाऊक असतात. काही जण तो पुजतात, काही जण तो फेकतात. सूझांनी तिसरा उपयोग केला. ते त्याच्याशी भांडले, आणि भांडतो त्याअर्थी जवळचे नाते होते, हे आपण घराघरांतून ओळखतोच.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः त्यांचे नाव घेतले तिच्याकडे येतो. पुढील काळात, आणि विशेषतः १९६७ साली न्यूयॉर्कला स्थायिक झाल्यावर, सूझांनी एक निराळीच रीत पुष्कळ वापरली. गुळगुळीत कागदावर छापलेल्या मासिकांची पाने ते घेत. त्यांत जाहिराती असत, सुंदर स्त्रिया असत, मोटारी असत, शहरे असत. त्या पानांवर ते एक रासायनिक द्राव लावीत. त्याने छपाईची शाई सुटे, ओली होई. मग ते काही भाग पुसून टाकीत, काही तसाच ठेवीत, आणि त्या ओल्या शाईतच आपल्या रेषा ओढीत. जाहिरातीतील हसऱ्या स्त्रीचा चेहरा विरघळे आणि त्यातून सूझांचे एखादे मस्तक डोके वर काढी. मात्र मूळ छायाचित्राचा एखादा तुकडा, एक ओठ किंवा साडेतीन अक्षरे, कोपऱ्यात तशीच राहत. अशी असंख्य पाने त्यांनी केली. इंग्रजीत त्यांना 'केमिकल' चित्रे म्हणतात.

या रीतीचा अर्थ मला असा वाटतो. छापील चित्र लाखो लोकांचे असते, म्हणून ते कुणाचेच नसते. ते आपले करावयाचे तर आधी त्यातील काही पुसावे लागते. सगळे पुसले तर कोरा कागद उरतो. काहीच पुसले नाही तर आपण केवळ गिऱ्हाईक उरतो. काय ठेवावयाचे व काय पुसावयाचे, हे ठरविण्यात माणूस दिसतो.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्तच आहे, की सूझांचे सगळेच आम्ही मान्य करावयाचे काय? नाही. त्यांचे खासगी जीवन आदर्श नव्हते. त्यांच्या कित्येक चित्रांतील स्त्रियांकडे पाहताना प्रेमापेक्षा क्रौर्यच अधिक जाणवते, आणि ते माझ्या पत्नीने मला स्पष्ट शब्दांत सांगितलेलेही आहे. त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की, लहानपणी दाराच्या भोकातून आपण आईला स्नान करताना पाहत असू. हे वाचून मी पुस्तक मिटले होते. जवळिकीचे चित्र काढणाऱ्याला एक प्रश्न टळत नाही. ज्याला तुम्ही पाहिले, त्याला तुम्ही विचारले होते काय? सूझांच्या आईला ते कोणी विचारले नव्हते. आणि हाच प्रश्न मला माझ्या आक्षेपापर्यंत आणून सोडतो.

२०१६ साली माझ्या आईला कर्करोग झाला. उपचारांत तिचे केस गेले. माझी आई जुन्या वळणाची. वडिलांचे नाव तिने कधी घेतले नाही, चारचौघांत ती कधी त्यांच्या शेजारी बसली नाही. ती बांद्यास पलंगावर बसलेली असताना, वडील तिच्या त्या उघड्या डोक्यावर खोबरेल लावीत आहेत, असे एक छायाचित्र माझ्या चुलतभावाने सहज घेतले आणि आमच्या घराण्याच्या फोनवरील गटात टाकले. गटात चाळीस माणसे. सर्वांनी हात जोडल्याच्या खुणा पाठविल्या. मीही पाठविली. दुसऱ्या दिवशी ते चित्र इतर चित्रांच्या ढिगाखाली गेले.

माझी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि चित्रे काढीत असे. तिने मात्र ते छायाचित्र समोर ठेवून तीन महिने खपून एक मोठे तैलचित्र केले. २०१७ च्या गणेशोत्सवात मंडळाने सभासदांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरविले होते. त्या समितीत मी होतो. मुलीने ते चित्र आणले आणि भिंतीला लावले. मी संध्याकाळी येऊन पाहिले आणि काढून ठेवावयास सांगितले. मी म्हणालो, "आजीचं उघडं डोकं लोकांनी पाहायचं का? घरातली गोष्ट घरात राहू दे." ती एवढेच म्हणाली, "बाबा, फोनवर चाळीस जणांनी पाहिलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत." मी उत्तर दिले नाही, कारण मजपाशी उत्तर नव्हते. तिने चित्र जुन्या चादरीत गुंडाळले. मी ते घरी नेऊन माळ्यावर टाकले.

आठवडाभराने आईचा बांद्याहून फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "माजा चित्र लावलंस काय रे? लोकांनी बघल्यानी काय?" मी चकित झालो. तेव्हा कळले की, नातीने आजीला आधीच फोनवर चित्र दाखविले होते, लावू का म्हणून विचारले होते, आणि आजीने आनंदाने होकार दिला होता. म्हणजे जे विचारावयाचे ते एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारले होते, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याने कोणालाही न विचारता आक्षेप नोंदविला होता. मी आईला खरे सांगावयास हवे होते. मी म्हणालो, "जागा नाय होती गे आये." ती म्हणाली, "मगे फुडच्या वर्सा लाव."

पुढच्या वर्षीच्या गणपतीपूर्वी आई गेली. मुलीने त्यानंतर बरीच वर्षे कुंचल्याला हात लावला नाही.

दिल्लीत सूझांच्या चित्रांपुढे उभे राहून जे मला हळूहळू उमगले, ते हे. मला आईच्या उघड्या डोक्याची लाज वाटली नव्हती. छायाचित्रात ते डोके होतेच, आणि ते मी सहज पुढे सारले होते. मला भीती वाटली ती थांबण्याची. फोनवरील चित्रापुढे कोणी थांबत नाही, म्हणून ते कितीही खासगी असले तरी बोचत नाही. हाताने काढलेले चित्र माणसाला उभे करते. मुलीच्या चित्रापुढे उभे राहिलो असतो, तर मला वडिलांचा हात दिसला असता. आयुष्यभर एकमेकांशी चार शब्दही आमच्यादेखत न बोललेली दोन माणसे एकमेकांची इतकी होती, हे दिसले असते. आणि त्या वेळी मी तेथे नव्हतो, सहाशे किलोमीटर दूर एका कचेरीत फायली तपाशीत होतो, हेही दिसले असते. अश्लीलतेच्या पुष्कळ आक्षेपांच्या मुळाशी असेच काहीतरी असते काय, असा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. १९४९ साली मुंबईत ज्यांनी सूझांची चित्रे उतरविली, त्यांना मी आता हसत नाही. मी त्यांच्यातलाच एक आहे.

बंधुभगिनींनो, परगावी राहणाऱ्यांना गावाचे गोड चित्र फार लागते. गाव म्हणजे माड, पाऊस, मोदक आणि फुगडी. हे चित्र खोटे नाही, पण ते छापील आहे. त्यात कोणी आजारी पडत नाही, कोणी एकटे मरत नाही, नवरा-बायको एकमेकांना स्पर्श करीत नाहीत, आणि दूर गेलेल्या मुलाची वाट कोणी पाहत नाही. पन्नास वर्षे आपण आपल्या मुलांपुढे असेच चित्र धरले आणि मग तक्रार केली की, मुलांना गावाची ओढ नाही. ओढ चेहऱ्याची लागते, मुखपृष्ठाची लागत नाही. जी मुले आज पडद्यावरून काही उचलतात, ते पुसतात, त्यावर आपली रेघ ओढतात, त्यांना अडविण्याआधी त्यांनी काय ठेवले आहे ते आपण पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि मुलांनाही एक विनंती आहे. ज्याचे चित्र काढता, त्याला आधी विचारा. माझ्या मुलीने विचारले होते. सूझांच्या थोर प्रतिभेपाशी जे नव्हते, ते तिच्यापाशी होते, असे म्हटल्यास बापाची फुशारकी समजू नये.

सूझा अखेरीस भारतात आले असता २८ मार्च २००२ रोजी मुंबईत वारले. आईने शिवणकाम करून ज्या शहरात त्यांना वाढविले, त्याच शहराने त्यांना मूठमाती दिली. बाकरे तर त्याआधीच, १९७५ साली, लंडन सोडून कोकणात मुरूडला येऊन राहिले होते. जगभर फिरलेल्या या माणसांच्या रेषेतून गाव गेले नव्हते. आपल्या मुलांच्या रेषेतूनही ते जाणार नाही, असा मला विश्वास वाटतो. फक्त ते आपण ओळखू अशा रूपात येईलच, असे नाही.

आता शेवटचे. सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रदर्शन भरविण्याचे ठरले, तेव्हा मी माळ्यावरून ते चित्र काढले आणि हैदराबादेस मुलीला फोन केला. तिची क्षमा मागितली. ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लावू या, पण आधी मला त्यात काही पुसायचं आहे. तेव्हा मी फोटोत होतं ते सगळंच काढलं होतं." ती दोन दिवस रजा घेऊन आली. मागची औषधांची फळी तिने खरवडून काढली, खिडकी काढली, पलंगाचा पाय काढला. आता तेथे आईचे डोके आहे, वडिलांचे दोन हात आहेत, आणि कोपऱ्यात तेलाची वाटी आहे. मी वडिलांनाही विचारले. ते आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेले आहेत. वय वर्षे सत्त्याऐंशी. ते माझ्यावर थोडे चिडूनच म्हणाले, "तिना सांगल्यान होता ना लाव म्हणान? मगे माका कित्याक इचारतंस?"

चित्र बाहेरच्या दालनात, डाव्या हाताच्या भिंतीवर लावलेले आहे. जाताना आपण सर्वांनी ते पाहावे, आणि शक्य झाल्यास त्यापुढे दोन मिनिटे थांबावे. आईला दिलेला शब्द मला आठ वर्षे उशिरा पुरा करता आला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे.